विद्यापीठीय ग्रंथालय-वास्तू

विद्यापीठातील अध्यापन व संशोधन यांसाठी लागणारा ग्रंथसंग्रह, वाचक आणि सेवकवर्ग यांची सोय पाहून योजलेली इमारत. ग्रंथालय ही वर्धिष्णू संस्था होय, हा एस. आर. रंगनाथन यांच्या पाच सूत्रांपैकी (१९३१) शेवटचा विचार आधुनिक ग्रंथालय-वास्तूच्या मुळाशी आहे. वाढीला व बदलाला वाव नसलेली इमारत, कितीही भव्य असली, तरी कालांतराने अपुरी पडते.

एकोणिसाव्या शतकात वाचनदालनाच्या भव्यतेला प्राधान्य असे. प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून उभारलेले मुंबई विद्यापीठाचे ग्रंथालय व राजाबाई मनोरा (१८६९–७८) हे त्याचे उत्कृष्ट उदाहरण. त्याचा गॉथिक शैलीतील आराखडा जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट या इंग्रज वास्तुविशारदाने भारतात न येताच केला. सु. ८५ मी. उंच मनोरा, टोकदार कमानी व रंगीत काचांच्या खिडक्या ही त्याची वैशिष्ट्ये. तथापि जाड दगडी भिंतींमुळे अशा वास्तूत दालनांची मांडणी सहजी बदलता येत नाही. २०१८ पासून ही वास्तू जागतिक वारसास्थळाचा भाग असल्याने तिचे मूळ रूप जपणे अगत्याचे ठरते. विद्यापीठाच्या विद्यानगरी (कालिना) परिसरात जवाहरलाल नेहरू ग्रंथालय ही स्वतंत्र इमारत आहे.

विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेत ‘मॉड्युलर’ रचना रूढ झाली. आयोवा विद्यापीठाचे ग्रंथालय (१९५१) हे तिच्या आरंभीच्या उदाहरणांपैकी एक. तीत समान अंतरावरील स्तंभ इमारतीचा भार पेलतात. आतील भिंती भारवाही नसल्याने हलविता येतात. स्तंभांमधील अंतर कपाटांच्या रांगांमधील अंतराच्या पटीत ठेवतात, म्हणजे जागा वाया जात नाही. ग्रंथांचा भार वाचकांच्या भारापेक्षा बराच अधिक असतो. भारतीय मानकानुसार वाचनकक्षाच्या जमिनीसाठी दर चौ. मी. ला ३ ते ४ किलोन्यूटन, तर ग्रंथकोठीसाठी किमान ६ किलोन्यूटन भार धरतात. म्हणून वाचनकक्षाची पुढे ग्रंथकोठी करावयाची असल्यास सर्वच मजले मूळ आराखड्यात अधिक भारासाठी योजावे लागतात. हा खर्च आरंभी टाळल्यास नंतर फेरबदल जवळजवळ अशक्य होतो.

मॉड्युलर इमारत बहुधा रुंद व खोल असते. तिच्या मध्यभागी नैसर्गिक प्रकाश व वारा पोहोचत नसल्याने कृत्रिम प्रकाश आणि वातानुकूलन अपरिहार्य होते. महाराष्ट्रात ही अडचण विशेष जाणवते. कोकणपट्टीतील पावसाळी हवेत सापेक्ष आर्द्रता दीर्घकाळ ६५ टक्क्यांहून अधिक राहिल्यास कागदावर बुरशी धरते. पठारी प्रदेशात ऊन व धूळ यांचा उपद्रव अधिक. त्यामुळे अंगण, व्हरांडा, खोल सज्जे व उत्तरेकडील खिडक्या यांची जोड देऊन वाचनकक्ष उजेडाच्या बाजूस आणि ग्रंथकोठी थेट सूर्यप्रकाशापासून दूर ठेवणे हितावह ठरते. वाळवीचा प्रतिबंध पायाभरणीच्या वेळीच करावा लागतो.

संगणकीय साधनांमुळे छापील नियतकालिकांची कपाटे काही ठिकाणी कमी झाली. त्याऐवजी वीजजोडणी, चर्चाकक्ष व अभ्यासासाठी बैठका यांची गरज वाढली. आराखडा करताना ग्रंथपालाचा आरंभापासून सहभाग असल्यास असे बदल सामावून घेणारी वास्तू उभी राहू शकते.