पडवीतील होडी : काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

गेल्या वैशाखात आमच्या पडवीच्या टोकाला चूल मांडून मी प्लायवूडचे तळहाताएवढे दोन तुकडे एका जुन्या पातेल्यात तीन दिवस आणि तीन रात्री उकळत ठेवले होते. पाणी आटेल तसे भर घालण्यासाठी घरातील माणसांनी पाळ्या लावून घेतल्या होत्या. ज्या दोन शीटांतून ते कापले होते, त्या दोन्ही विक्रेत्याने ‘वॉटरप्रूफ’ या एकाच विशेषणाखाली आमच्या स्वाधीन केल्या होत्या. पहिला तुकडा दुसऱ्या दिवशी सकाळी भिजलेल्या पोथीप्रमाणे पानापानांनी सुटला; दुसरा तिसऱ्या दिवशी काळवंडून, पण अखंड बाहेर आला, आणि त्याच्या कडेत सुरीचे टोक खुपसून थर उकलू पाहिले तेव्हा जोड न सुटता लाकडाचे तंतूच तुटले. प्लायवूड पाण्यात टिकत नाही, हा घरी होडी बांधण्याविषयीचा सर्वांत जुना समज त्या एका पातेल्यात अर्धा खरा आणि अर्धा खोटा ठरला.

वस्तुतः प्लायवूड हे एका वस्तूचे नाव नसून एका पद्धतीचे नाव आहे. लाकडाचे पातळ पापुद्रे एकाआड एक आडवे-उभे रचून चिकटविले म्हणजे प्लायवूड होते. पण ते कोणत्या चिकाने चिकटविले, मधल्या थरांत पोकळ्या राहिल्या की नाही, आणि लाकूड कोणत्या जातीचे, यांवर त्याचे भवितव्य ठरते. आपल्याकडे सागरी प्लायवूडसाठी ‘आयएस ७१०’ हे भारतीय मानक आहे. त्यात फिनॉलपासून बनविलेला चीक, लाकडाला कीडनाशक प्रक्रिया आणि ७२ तास उकळण्याची परीक्षा या तिन्ही गोष्टी विहित आहेत. घरगुती फर्निचरच्या सामान्य प्लायवूडचे मानक ‘आयएस ३०३’ हे निराळे. सबब खरेदीच्या वेळी विक्रेत्याच्या विशेषणावर न विसंबता शीटवरील शिक्का स्वतः वाचावा, कापलेल्या कडेवरून बोट फिरवून पोकळ्या शोधाव्यात, आणि तरीही शंका राहिली तर चूल पेटवावी. एवढे मात्र ध्यानात असावे, की चीक पाण्यात टिकतो याचा अर्थ लाकूड कुजत नाही असा नव्हे. कुजविणारी बुरशी ही ओलावा आणि हवा या दोहोंवर जगते. लाकडातील ओलावा साधारणपणे वीस टक्क्यांच्या खाली राहिला तर तिचे काही चालत नाही. म्हणून घरच्या होडीचा खरा वैरी खाडीचे खारे पाणी नसून तिच्या तळाशी कोपऱ्यात साचून राहिलेले पावसाचे गोडे पाणी होय.

यालाच लागून दुसरा समज येतो : प्लाय जितका जाड तितकी होडी भक्कम. साध्या सपाट फळीपुरते हे खरे आहे. जाडी दुप्पट केली तर तिचा ताठपणा आठपट होतो. परंतु होडीचे अंग सपाट नसते. सहा मिलिमीटरची शीट नाळेकडे, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाकडे, वळवून बांधली म्हणजे त्या वळणातूनच तिला जो ताठपणा येतो, तो सपाट ठेवलेल्या त्याच शीटमध्ये कधीही नव्हता. उलट बारा मिलिमीटरची शीट त्या वळणाला येतच नाही, आणि ओढून आणलीच तर ती जन्मभर जोडावर ताण देत राहते. शिवाय प्रत्येक मिलिमीटरचे वजन वल्ह्यावर बसणाऱ्याच्या खांद्यावर येते.

मला सर्वांत अधिक सलणारा समज मात्र तिसरा आहे : होडी बांधणे हे पिढीजात सुतारांचेच काम, घरच्या माणसाने त्यात हात घालू नये. आमच्या किनाऱ्यावर पठाण म्हणजे तळाचा कणा बसवून, त्यावर फासळ्या उभारून आणि फळ्या घासून-तासून बसवीत मचवे बांधणाऱ्या कारागिरांची विद्या मी डोळ्यांनी पाहिली आहे आणि तिच्यापुढे हात जोडले आहेत. ती विद्या वर्षा-दोन वर्षांत येत नाही हेही खरे. परंतु प्लायवूडची होडी त्या विद्येची नक्कलच नव्हे. तिची पद्धत मुळातच वेगळी आहे. १९६२ साली इंग्लंडात ‘डेली मिरर’ या वृत्तपत्राने, सामान्य नोकरदाराला परवडेल आणि घरी बांधता येईल अशी एक शिडाची होडी तयार करविली. तिचा आराखडा जॅक होल्ट या नौकारचनाकाराने आणि घरगुती दुरुस्तीचे दूरचित्रवाणी कार्यक्रम करणाऱ्या बॅरी बकनेल यांनी मिळून केला. पुढील वर्षी ती विक्रीस आली, तेव्हा कापून तयार केलेल्या तुकड्यांच्या संचाची किंमत ६३ पौंड ११ शिलिंग होती. ‘मिरर’ याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या, सुमारे ३.३ मीटर लांबीच्या आणि रिकाम्या सांगाड्याचे वजन अवघे ४५.५ किलो असलेल्या या लाल शिडाच्या होडीच्या आजवर सत्तर हजारांहून अधिक प्रती बांधल्या गेल्या, आणि त्यांतल्या कितीतरी गॅरेजमध्ये आणि बैठकीच्या खोलीत आकारास आल्या. नौकाबांधणीची विद्या त्या घरांतून आधी नव्हती; नकाशाप्रमाणे कापलेले तुकडे आणि ते जोडण्याची एक सरळ रीत, एवढेच त्यांच्या हाती होते.

ती रीत म्हणजे शिवण. तुकड्यांच्या कडांना हातभर लांबीत चार-पाच अशा बेताने बारीक छिद्रे पाडावयाची, त्यांतून तांब्याच्या तारेचे टाके घालून बाहेरच्या अंगाने पिळावयाचे, आणि सपाट पडलेल्या पत्र्यांसारख्या त्या तुकड्यांतून एका दुपारी होडीचा आकार उभा राहताना पाहावयाचा. आमच्या पडवीत तो उभा राहिला तेव्हा शेजारचे म्हातारे तांडेल आत आले, नाळेवर हात ठेवून बराच वेळ स्तब्ध राहिले आणि म्हणाले, “बाळा, ह्या तारेवर तू खाडी ओलांडणार?” त्यांची शंका अगदी योग्य होती आणि तिच्यातच चौथा समज दडलेला आहे : होडी तारेच्या जोरावर टिकते. आपल्या किनाऱ्यावरील प्राचीन गलबते काथ्याच्या दोरीने शिवलेली असत. अजिंठ्याच्या चित्रावरून गोव्यात बांधलेली आणि मे २०२५ मध्ये कारवार येथे नौदलात दाखल झालेली ‘कौंडिण्य’ ही नौका त्याच पद्धतीची आहे. त्या नौकांत दोरी अखेरपर्यंत भार वाहते. प्लायवूडच्या होडीत तार तशी नसते. ती केवळ भिंत वाळेपर्यंत लावलेला टेकू आहे. पुढे बहुधा ती कापून किंवा तापवून काढूनही टाकतात. खरा भार वाहतो तो आतल्या कोनात भरलेला इपॉक्सीचा गोलसर थर आणि त्यावर बसविलेली काचतंतूची पट्टी. लाकडाचा बारीक भुसा घालून इपॉक्सी चक्क्याइतकी घट्ट करावी, पळी उलटी केली तरी ओघळता कामा नये. मग गोल टोकाच्या पट्टीने ती कोनात एकसारखी ओढावी, आणि ओली असतानाच पट्टी बसवावी. अशा जोडावर जोर आला म्हणजे त्या दुसऱ्या तुकड्याप्रमाणेच जोड न सुटता शेजारचे लाकूड तुटते. खिळे किंवा स्क्रू अधिक मारले म्हणजे जोड अधिक पक्का, हेही म्हणूनच खरे नव्हे. प्रत्येक खिळा ताण एका बिंदूवर आणतो आणि पाण्याला आत येण्यास एक वाट करून देतो. शीट आठ फुटांची असते म्हणून होडीही आठ फुटांचीच होईल, असे समजणारे पुष्कळ भेटतात. दोन शीटांच्या कडा जाडीच्या आठपट लांबीचा उतार देऊन तासल्या आणि एकमेकींवर चिकटविल्या की वाटेल तेवढी लांबी मिळते. सहा मिलिमीटरला हा उतार ४८ मिलिमीटरचा.

आता इपॉक्सी. हे नाव परके वाटले तरी वस्तू परकी नाही. फुटलेली बादली किंवा गळती नळजोडणी जे दोन गोळे एकत्र मळून आपण घरोघर बुजवितो, ती तिचीच एक जात. आणि गैरसमजांचे मोठे कोठारही येथेच आहे, कारण तिला लोक रोगण समजतात, किंवा पूर्वापार परिचित पॉलिएस्टर राळेची थोरली बहीण समजतात. पॉलिएस्टरमध्ये जो दुसरा पदार्थ टाकतात तो विरजणासारखा असतो : थोडा अधिक पडला तर लवकर लागते, थोडा कमी पडला तर उशिरा, पण ठरलेल्या मर्यादेत राहिले तर अखेर दही ते दहीच. इपॉक्सीच्या राळेत मिसळावयाचा दुसरा पदार्थ, म्हणजे हार्डनर, विरजण नव्हे, तो सोयरिकीचा दुसरा पक्ष आहे. राळेच्या रेणूंच्या टोकांना दोन कार्बन आणि एक ऑक्सिजन यांची तीन अणूंची कडी असते. हार्डनरमधील नायट्रोजनाला जोडलेला हायड्रोजनाचा एकेक अणू एकेका कडीला उघडतो आणि तेथे कायमचा बंध होतो. जितक्या कड्या तितकेच हायड्रोजन लागतात. लवकर वाळावे म्हणून हार्डनर अधिक घातला तर जोडीदाराविना उरलेला भाग जाळ्यात तसाच सैल राहतो आणि जोड कायमचा मऊ व दुबळा होतो. पुढे कितीही ऊन दिले तरी तो सुधारत नाही. प्रमाण कारखान्याकारखान्यांप्रमाणे निराळे, कुणाचे दोनास एक तर कुणाचे पाचास एक, आणि ते मापाने की वजनाने हेही डब्यावर लिहिलेले असते. स्वयंपाकघरातील अंदाज येथे बिलकूल चालत नाही. वेग बदलावयाचा असेल तर प्रमाण नव्हे, हार्डनरची जात बदलावी. उष्ण प्रदेशासाठी मंद हार्डनर स्वतंत्र मिळतो.

याची किंमत मी मोजली आहे. वैशाखातल्या एका दुपारी, काम एकदम उरकावे या उद्देशाने, मी अर्धा लिटर मिश्रण प्लास्टिकच्या एका खोलगट मगात केले. दोन तुकड्यांना हात लावतो न लावतो तोच मग हाताला चटका देऊ लागला, मिश्रणातून धूर निघाला, आणि अंगणात नेऊन ठेवीपर्यंत मगाचे बूड वितळून गेले. ही क्रिया स्वतःच उष्णता निर्माण करते, आणि तपमान दहा अंशांनी वाढले की तिचा वेग अदमासे दुप्पट होतो. खोल भांड्यात ती उष्णता बाहेर पडू शकत नाही, म्हणून वेग वेगाला वाढवीत जातो. तेच मिश्रण पसरट परातीत ओतले असते तर ते शांतपणे अर्धा तास चालले असते. तेव्हापासून मी एका वेळी वाटीभरच मिश्रण करतो, आणि सकाळी आठाच्या आत.

इपॉक्सी लाकडात मुरून त्याचा दगड करते, असेही सर्रास ऐकू येते. सपाट पृष्ठभागावर ती मिलिमीटरच्या अंशापलीकडे क्वचितच शिरते. तिचे काम आत मुरण्याचे नसून बाहेर अभेद्य आवरण धरण्याचे आहे, जेणेकरून लाकडातील ओलावा ऋतूमागून ऋतू जवळजवळ स्थिर राहावा. मिशिगनमधील बे सिटी येथील गूजन बंधूंनी १९७० च्या सुमारास लाकूड आणि इपॉक्सी यांचा जो मेळ नौकांसाठी घातला, त्याचे यश या आवरणात आहे. म्हणून तीन हात द्यावेत, आणि कापलेल्या कडांना तर चौथाही. या आवरणाला दोन व्याधी आहेत. एक, सूर्याचे अतिनील किरण. उघडी इपॉक्सी उन्हात पिवळी पडते, तिची भुकटी होते आणि ती सोलून निघते, म्हणून वर रंग किंवा किरणरोधक वॉर्निश हवेच. दुसरी आपल्या कोकणात विशेष : आर्द्र हवेत वाळताना तिच्यावर मेणचट, चिकट साय धरते. तिला घासकागदाने घासणे ही सर्वत्र होणारी चूक. त्याने साय खाली दाबली जाते आणि पुढचा हात सुटतो. ती पाण्यात विरघळते, म्हणून आधी स्वच्छ पाण्याने व खरखरीत स्पंजाने धुवावी, मगच घासावे. श्रावणात हे काम शक्यतो काढूच नये.

एक समज मात्र नुसता चुकीचा नाही, घातकी आहे : ज्या अर्थी वास येत नाही, त्या अर्थी इपॉक्सी निरुपद्रवी. पॉलिएस्टरचा उग्र वास माणसाला सावध करतो. इपॉक्सी तसे करीत नाही. हार्डनर आणि ओली राळ कातडीला वारंवार लागत राहिली तर शरीर एके दिवशी तिच्याविरुद्ध उठते, खाज आणि फोड येतात, आणि एकदा ही प्रवृत्ती जडली की ती बहुधा आयुष्यभर जात नाही. मग तो डबा उघडण्याचीही सोय उरत नाही. म्हणून पहिल्या थेंबापासून हातमोजे घालावेत, अर्धवट वाळलेला थर घासताना तोंडाला योग्य मास्क असावा, आणि हातावर डाग पडलाच तर थिनरने पुसू नये, कारण थिनर तेच विष कातडीत आणखी खोल नेतो. साबण आणि पाणीच वापरावे.

अशी नौका ही खेळण्यातली, खऱ्या समुद्रावर तिचे काय चालणार, असे म्हणणाऱ्यांनी गोव्यात बांधल्या गेलेल्या ‘म्हादेई’चे स्मरण करावे. ५६ फुटी ही नौका काही पडवीत बांधलेली नाही आणि प्लायवूडच्या शीटांचीही नाही. परंतु गाभा लाकडाचा, बांधणारी इपॉक्सी आणि वेष्टण काचतंतूंचे, हे तत्त्व तेच. तिच्यातून कमांडर दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून एकटे निघाले आणि पृथ्वीप्रदक्षिणा करून १९ मे २०१० रोजी परतले. पुढे अभिलाष टॉमी यांनी त्याच नौकेतून कोठेही न थांबता ती प्रदक्षिणा पुरी केली. तेव्हा सामग्रीवर दोष ठेवण्यास जागा नाही. तिला मर्यादा आहे ती बांधणाऱ्याच्या आराखड्याची, आणि म्हणून स्वतःच्या कल्पनेतून आकार न काढता अनुभवी रचनाकाराचा तपासलेला नकाशाच विकत घ्यावा. यंत्र बसवावयाचे असेल तर नोंदणीचा प्रश्न येतो. १९१७ चा जुना कायदा जाऊन अंतर्देशीय जलयानांसाठी २०२१ चा कायदा आला आहे, आणि त्याचे दप्तर पुरे करण्यास वेळ लागतो, हे आधीच हिशेबात धरावे.

शेवटी उरतो तो लाकूड तरंगतेच हा विश्वास. रिकामी होडी उलटली तरी तरंगेल, पण यंत्र, माणसे आणि सामान घेऊन पाण्याने भरलेली होडी तरंगेलच असे नाही. म्हणून नाळेत व पिछाडीला हवाबंद कप्पे ठेवतात. त्यांना आत पाहता येईल अशी झाकणे असावीत, कारण बंद कप्प्यात झिरपलेले पाणी वर्षानुवर्षे कुणाला दिसत नाही. माझी होडी रंगून तयार झाली तेव्हा तांडेलांच्या सांगण्यावरून आम्ही ती ओहोटीच्या वेळी खाडीत कमरेइतक्या पाण्यात नेली, चौघे आत बसलो आणि बादल्यांनी ती काठोकाठ भरली. कड पाण्याबरोबर आली, पण होडी खाली गेली नाही. तांडेल काठावर उभे होते. त्यांनी पुढचे झाकण उघडावयास लावले, आत हात घालून तळ चाचपला, आणि हात कोरडाच बाहेर आला, तेव्हा मला वल्ही आणावयास सांगितले.