मंच सजवा, पण वाट मोकळी ठेवा

राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात उभारलेले पॅलेस थिएटर १९१५ साली खुले झाले. पुढे त्याला केशवराव भोसले यांचे नाव मिळाले. केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री, ८ ऑगस्ट २०२४ रोजी, आगीत त्याचा रंगमंच खाक झाला.

आम्ही गेवराईकरांनी यातून काय घ्यावे? भीमजयंतीला वस्तीत फळ्यांचा मंच उभा राहतो. पडदे, झालरी, हॅलोजन लागतात. मागे आपलीच लेकरे नटूनथटून उभी असतात. कार्यकर्त्यांनो, हॅलोजन पडद्यापासून लांब बांधा. उघडी वायर नको. मेन स्विचजवळ जाणता माणूस बसवा. दोन्ही बाजूंना उतरायची वाट ठेवा. गोदावरीच्या वाळूच्या चार बादल्याही हाताशी असू द्या. झालर कमी पडली तर चालेल. लेकरे सुखरूप घरी परतली पाहिजेत.