परसातली शेड : पत्रा, पाया आणि पागोळी

सामान ठेवायला जागा नाही, हे आपल्या पिढीचं पेटंट रडगाणं! बेडखालचे ड्रॉवर भरलेत, बाथरूमवरचा माळा भरलाय, बाल्कनीतल्या प्लॅस्टिकच्या कपाटाचं दार आता लागतच नाही. त्यामुळे गावी गेलं, की घरामागचं ऐसपैस परस बघून आपला जीव जळतो. एवढी जागा! इथे एक मस्त शेड ठोकली की झालं. वीकेण्डचा तर प्रोजेक्ट!

मलाही असंच वाटायचं. आमचं घर पिंपळगाव राजाचं, खामगाव तालुक्यातलं. घरामागे परस, परसात एक लिंबाचं झाड आणि घराला चिकटून एक जुनी टिनाची खोली. त्या खोलीत काय नाही? तुरीची पोती, सोयाबीनचं बियाणं, फवारणीचा पंप, औषधांच्या बाटल्या, कूलरचं खोकं आणि बैल विकल्यावर उरलेली तिफण. ‘बाबा, इथे नवी शेड बांधू या,’ असं मी दर दिवाळीला म्हणायचो आणि पुण्याला परत आलो की विसरायचो.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत विसरणं संपलं. बाबांनी तूर भरली आणि कीड लागू नये म्हणून पोत्यांत गोळ्या ठेवल्या. कुणीतरी सांगितलं, यांनी आणल्या. थंडी होती म्हणून खिडक्या बंद. टिनाची खोली आणि आई झोपते ती खोली यांच्यामध्ये फक्त एक दार, तेही खालून दोन बोटं उचललेलं. पहाटे आईला मळमळ, उलट्या, छातीवर दडपण. बाबांना वाटलं पित्त असेल. नशीब, शेजारच्या काकूंना लसणासारखा वास आला आणि त्यांनी आधी सगळी दारं उघडली. आईला खामगावला नेलं, दोन दिवसांत ती घरी आली. डॉक्टरांनी बाबांना एकच प्रश्न विचारला, ‘गोळ्या कुठे ठेवल्या होत्या?’

ही गोळी म्हणजे ॲल्युमिनियम फॉस्फाइड. हवेतला ओलावा लागला की त्यातून फॉस्फिन वायू सुटतो. तीन ग्रॅमच्या एका गोळीतून साधारण एक ग्रॅम. हा वायू किडीला मारतो, तसाच माणसालाही मारतो आणि त्यावर उतारा नाही. म्हणूनच आपल्याकडे या गोळ्या ‘वापरावर निर्बंध’ असलेल्या यादीत आहेत. जाणकाराच्या देखरेखीशिवाय त्या वापरायच्याच नसतात. घरात, झोपायच्या खोलीच्या भिंतीला लागून तर मुळीच नाही.

तेव्हा मित्रमैत्रिणींनो, शेड हा नुसता पसारा आवरण्याचा विषय नाही. मी सुट्टी टाकली, लॅपटॉप घेतला आणि मे महिन्यात महिनाभर गावी मुक्काम ठोकला. त्या महिन्यात जे शिकलो, ते तुमच्यासाठी.

आधी यादी, मग शेड

आपण उलटं करतो. आधी साइज ठरवतो, दहा बाय दहा, आणि मग त्यात काय काय कोंबायचं ते बघतो. आम्ही टिनाची खोली रिकामी केली आणि सगळं परसात मांडलं. चार ढीग झाले : धान्य आणि बियाणं, विषारी औषधं आणि पंप, अवजारं, आणि ‘असू दे, लागेल कधीतरी’.

पहिले दोन ढीग एका छताखाली नकोतच. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर गेले. ते शेतात झालं, पण तीच औषधं हंगाम संपला की आपल्या घरात येऊन बसतात. आम्ही त्यांच्यासाठी शेडच्या बाहेरच्या अंगाला, वेगळ्या दाराचं, कुलपाचं लोखंडी कपाट केलं. वरखाली जाळी, म्हणजे हवा खेळती राहते. घरात लहान मुलं येत असतील तर हे कपाट शेडइतकंच महत्त्वाचं.

कापूस साठवत असाल तर तिसरी खोली, निदान मधे पक्की भिंत तरी. घरात कापूस ठेवला की अंगाला खाज सुटते, हे वऱ्हाडात कुणालाही विचारा. आणि कापूस असलेल्या जागी उघडी वायर, बोर्ड किंवा मोबाइलचा चार्जर नको म्हणजे नकोच!

पाया : काळी माती ऐकत नाही

पुण्याच्या मित्रानं सल्ला दिला होता, ‘फरशी टाक, चार पाइप रोव, पत्रे ठोक.’ आमच्या मिस्त्रींनी तो ऐकला आणि हसले. ‘भाऊ, तुमच्या मित्राले एकदा मे महिन्यात आणा इकडे.’

काळी कापसाची माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर थेट काँक्रीट ओतलं, तर एक-दोन पावसाळ्यांत ते तडकतं आणि दार चौकटीत अडकायला लागतं. म्हणून वरची काळी माती काढायची, मुरूम भरायचा, तोही एकदम नाही. थर टाकायचा, पाणी मारायचं, धुम्मस करायचा, मग पुढचा थर. खांबांचे खड्डे भेगांच्या खाली जातील इतके खोल. आणि जोतं जमिनीपासून दीड-दोन फूट वर. शेडच्या खर्चातला मोठा वाटा जमिनीखाली जातो, आणि फोटोत तो दिसत नाही!

पत्रा कुठला?

नालीदार पत्र्याचं पेटंट 1829 साली लंडनमध्ये हेन्री पामर या इंजिनिअरनं घेतलं. सपाट पत्र्याला नाली पाडली की तो कितीतरी पट ताठ होतो, एवढीच आयडिया. जग अजून तीच वापरतंय. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये घरोघरी परसात अशाच पत्र्यांचे बॉम्बपासून वाचायचे आडोसे पुरले होते. युद्ध संपल्यावर लोकांनी त्यातले कित्येक उचकटून बागेतल्या शेडसाठी वापरले. म्हणजे परसातली शेड ही काही फक्त आपली हौस नाही.

दुकानात मात्र चार पर्याय समोर येतात.

साधा जस्ताचा किंवा रंगीत पत्रा : स्वस्त आणि सगळीकडे मिळतो. पण जाडी विचारा. 0.35 मिलीमीटर आणि 0.5 मिलीमीटर हे दिसायला सारखेच असतात, वादळात मात्र फरक कळतो.

सिमेंटचा पत्रा : उन्हात कमी तापतो. पण यातल्या बऱ्याच पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असतं. कापताना, फोडताना उडणारी त्याची धूळ फुप्फुसाला घातक असते. घ्यायचाच असेल तर ॲस्बेस्टॉस नसलेला मागा.

पफ पॅनेल : दोन पत्र्यांच्या मधे फोम, कोल्ड स्टोरेजला वापरतात तसं. उकाड्यावर उत्तम, खिशावर जड.

रेडीमेड प्लॅस्टिकची शेड : परदेशी कॅटलॉगमध्ये फार गोड दिसते. शहरातल्या टेरेसवर बागकामाच्या सामानाला ठीक. आमच्याकडच्या उन्हात आणि वावधनात तिचं काही खरं नाही.

आम्ही 0.5चा पत्रा घेतला आणि वरून पांढरा रंग दिला. मे महिन्यात आमच्याकडे पारा 43-44 अंशांवर जातो. बुटक्या टिनाच्या खोलीत बियाणं अक्षरशः भाजून निघतं आणि त्याची उगवणशक्ती मरते. म्हणून उंची मागे साडेनऊ, पुढे अकरा फूट. वर वाऱ्यानं फिरणारा व्हेंटिलेटर, खाली जाळीचे झरोके. गरम हवा वरून बाहेर, ताजी हवा खालून आत, विजेचं बिल शून्य! दार पूर्वेला केलं, म्हणजे पश्चिमेचं ऊन आणि पावसाची झड दोन्ही टळतात. पत्र्याचे स्क्रू रबरी वॉशरचे आणि नालीच्या उंचवट्यावर. खोलगट भागात मारले तर पाणी तिथूनच आत येतं. पत्र्यावर दगड ठेवायची आपली जुनी पद्धत कृपा करून विसरा. वादळात पत्र्याआधी दगडच खाली येतो.

पागोळी कोणाच्या अंगणात?

इथे माझं सगळं एक्सेल शीट कोसळलं. जागा ठरली ती काकांच्या हद्दीला लागून. बाबा आणि काका गेली कित्येक वर्षं कामापुरतंच बोलतात. छताचा उतार त्यांच्या बाजूला काढला असता तर पावसाच्या पागोळ्या थेट त्यांच्या परसात. काका सकाळीच येऊन उभे राहिले, ‘काहून रे, पाणी आमच्याकडे काढून राह्यला का?’

शहरात आपण सोसायटीच्या सेक्रेटरीला मेल टाकतो. गावात पागोळीवरून दोन पिढ्यांचे दावे चालतात. मी चहा मागवला आणि कागदावर उतार फिरवून दाखवला. शेड हद्दीपासून तीन फूट आत, उतार आपल्याकडे, पन्हळ लावून पाणी लिंबाच्या आळ्यात. काकांनी कागद बराच वेळ बघितला. मग म्हणाले, ‘तीन फूट कशाले? दोन पुरतात. पण उतार तेवढा तिकडंच ठेव.’ बाबा आतून बाहेर आले आणि दोघांनी मिळून दोरी धरली. जास्त काही बोलले नाहीत. पण दोरी धरली.

तुमचीही जागा हद्दीला लागून असेल तर आधी नमुना 8चा उतारा बघा. गावात ड्रोननं मोजणी होऊन मालमत्ता पत्रकं आली असतील (स्वामित्व योजना 2020 साली सुरू झाली) तर तेही बघा. आणि ग्रामपंचायतीत परवानगीचं विचारून घ्या.

आणि गोळ्यांचं काय?

गोळ्या बंद. त्याऐवजी आम्ही हवाबंद पिशव्या आणल्या. आत प्लॅस्टिकचे थर, बाहेर नेहमीचं पोतं. आतला ऑक्सिजन संपतो आणि कीड गुदमरून मरते. 1980च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी कॅमेरूनमध्ये चवळीसाठी ही पद्धत बसवली. अट एकच : धान्य खडखडीत वाळलेलं हवं. पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून दीड-दोन फूट लांब, आणि सोयाबीनच्या बियाण्याची थप्पी चार-पाच पोत्यांच्या वर नाही. त्याचं साल नाजूक असतं.

सगळा खर्च एका नव्या स्कूटरएवढा झाला. मी माझी स्कूटर पुढच्या वर्षावर ढकलली. मेच्या शेवटच्या आठवड्यात वावधन आलं. गावात दोन-तीन घरांचे पत्रे उडाले, आमची शेड जागची हलली नाही. त्या रात्री आई खिडकी उघडी टाकून झोपली.

आणि ‘असू दे, लागेल कधीतरी’चा ढीग? मी भंगारवाल्याला फोन लावणार होतो. पण दुसऱ्या दिवशी शेडमध्ये गेलो, तर बाबांनी पोत्यांच्याही आधी तिफण भिंतीला टांगून ठेवली होती, तेल वगैरे लावून. जागा होती. मी काही बोललो नाही.

जाता जाता चेकलिस्ट

• आधी सामानाचे ढीग, मग शेडचं माप. त्यात थोडी मोकळी जागा धराच.
• विषारी औषधं वेगळ्या, कुलूपबंद आणि हवेशीर कपाटात. धान्यापासून आणि झोपायच्या खोलीपासून लांब.
• काळी माती असेल तर मुरुमाच्या भरावाशिवाय काँक्रीट नाही.
• दाराखालची फट बुजवा. अर्ध्या इंचातूनही उंदीर आत येतो.
• दार निदान चार फूट रुंद. डोक्यावर पोतं घेतलेला माणूस आडवा होऊन आत शिरत नाही!
• काम पावसाळ्याआधी संपवा, आणि पागोळीबद्दल शेजाऱ्याशी त्याच्याही आधी बोला.