एका वाड्यातील बिऱ्हाडे : संगणकातील कंटेनर आणि मराठी अक्षर

संकेतस्थळे तयार करणाऱ्या मंडळींत एक वाक्य फार प्रसिद्ध आहे : "माझ्या संगणकावर तर व्यवस्थित चालते!" लिहिणाऱ्याचा संगणक एक, त्याच्या मित्राचा दुसरा आणि जगाला ते पान दाखविणारा सर्व्हर तिसराच. तिन्हींवर पीएचपीची आवृत्ती निराळी, डेटाबेस निराळा, मांडणी निराळी. इंग्रजी पानाचे त्यातही बरेचदा निभावते. मराठी अक्षर मात्र अशा ठिकाणी हटकून ठेचकाळते. ते का, आणि त्यावर 'कंटेनर' हा उपाय कसा लागू पडतो, हे कलाशाखेच्या विद्यार्थ्यालाही उमजेल अशा शब्दांत सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रथम अक्षराविषयी. संगणक अक्षरे ओळखत नाही, आकडे ओळखतो. महाजालावर सर्रास चालणाऱ्या यूटीएफ-८ या पद्धतीत इंग्रजी अक्षराला एक बाइट पुरतो. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन लागतात. 'परभणी' हाच शब्द घ्या. प, र, भ, ण आणि दुसरी वेलांटी अशी पाच चिन्हे, म्हणजे १५ बाइट. एखाद्या प्रोग्रॅमने बाइट मोजून हे शीर्षक दहावर तोडले, तर 'परभ' एवढे शाबूत राहते आणि पुढे काळ्या शंकरपाळ्यात बसविलेले प्रश्नचिन्ह उमटते. चिन्हे मोजून चारवर तोडले, तर उरते 'परभण'. (परभणीकरांना हेही रुचणार नाही.) वेलांटीसह संपूर्ण अक्षर मोजण्याची सोय पीएचपीत आहे, पण ती 'इंटल' नावाच्या जोडणीत असते, आणि ही जोडणी एका संगणकावर असते, दुसऱ्यावर नसते.

डेटाबेसची तऱ्हा याहून वाईट. मायएसक्यूएलची ८.० ही आवृत्ती २०१८ साली आली. तोपर्यंत वेगळे काही न सांगितल्यास तो 'लॅटिन-१' ही पश्चिम युरोपीय अक्षरांची यादी गृहीत धरीत असे. त्या यादीत क नाही, ख नाही. अशा तक्त्यात मराठी ओळ घातली की मांडणीनुसार एक तर डेटाबेस ती नाकारतो, नाहीतर अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे साठवून मोकळा होतो. नाकारले तर निदान कळते. प्रश्नचिन्हे साठविली तर मूळ अक्षर कोठेच उरत नाही.

हेमा राईरकर व गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या जमविल्या आणि २०१७ पासून 'पारी' हे संकेतस्थळ त्या प्रसिद्ध करू लागले, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. तेच पाहून आमच्या वर्गातील चौघे आपापल्या घरच्या ओव्या उतरवून एक लहानसे संकेतस्थळ करीत आहोत. माझ्या आईला लिहिता येत नाही. ओव्या तोंडपाठ आहेत. तिची ओवी पुसली गेली तर पुन्हा विचारता येईल. ज्यांच्या आज्या आता हयात नाहीत, त्यांनी कोणाला विचारावे? म्हणून चौघांच्या संगणकांवर परिस्थिती अगदी एकसारखी असणे आम्हाला गरजेचे वाटले.

कंटेनर हा शब्द बंदरावरचा. १९५६ साली अमेरिकेत माल्कम मॅक्लीन यांनी ५८ पेट्या जहाजावर चढविल्या. पेटीत काय आहे याच्याशी जहाजाला वा ट्रकला कर्तव्य नाही, माप सारखे असले म्हणजे झाले. २०१३ मध्ये आलेल्या 'डॉकर'ने हीच कल्पना प्रोग्रॅमसाठी रूढ केली. पण आपल्याकडे वाड्याचा दाखला अधिक चपखल बसेल. एका वाड्यात चार बिऱ्हाडे राहतात. पाया एक, आड एक, दिंडी दरवाजा एक. चूल मात्र ज्याची त्याची. संगणकाचा गाभा, ज्याला कर्नल म्हणतात, तो सर्व कंटेनरांना सामाईक असतो. फाइली आणि आवृत्त्या प्रत्येकाच्या स्वतंत्र. प्रत्येकासाठी निराळे घरच बांधायचे म्हटले तर ते झाले 'व्हर्च्युअल मशीन', आणि त्याचा खर्च साध्या संगणकाला झेपत नाही. विंडोजवर मात्र डॉकर आत एक लिनक्स चालवितो, त्यामुळे आठ जीबी मेमरी असलेली बरी.

आमच्या 'कंपोझ' फाइलीत दोन बिऱ्हाडे लिहिली आहेत : एकात पीएचपी, दुसऱ्यात मायएसक्यूएल. आवृत्ती आकड्यानिशी लिहावी, नुसते 'लेटेस्ट' लिहू नये. आजचे लेटेस्ट सहा महिन्यांनी निराळे असते. अक्षरयादी म्हणून 'यूटीएफ-८-एमबी-४' स्पष्ट नोंदवावी आणि इंटलची जोडणीही मागून घ्यावी. मग 'डॉकर कंपोझ अप' म्हटले की संकेतस्थळ आपल्याच संगणकावर उभे राहते. नवख्याची गाडी एके ठिकाणी नेमकी अडते : पीएचपीला डेटाबेसचा पत्ता 'लोकलहोस्ट' सांगितला तर तो सापडत नाही. साहजिकच आहे. बिऱ्हाडातल्या माणसाने 'घरी' म्हटले की त्याला स्वतःचेच बिऱ्हाड अभिप्रेत असते. शेजाऱ्याला नावानेच हाक मारावी लागते, म्हणजे कंपोझ फाइलीत डेटाबेसला जे नाव दिले तेच पत्ता म्हणून लिहावे.

दोष शोधण्यासाठी डेरिक रेथान्स यांचे 'एक्सडीबग' आहे. हव्या त्या ओळीवर खूण केली की प्रोग्रॅम तेथे थबकतो आणि त्या क्षणी कोणत्या नावात काय आहे ते दाखवितो. 'परभणी'ची लांबी १५ दिसली की चोर सापडला. ही यंत्रणा ९००३ क्रमांकाच्या पोर्टवरून संपादकाशी बोलते; कंटेनरातील फोल्डर म्हणजे आपल्याकडील कोणते, हे तिला आधी सांगावे लागते, नाहीतर खुणेपाशी ती थांबतच नाही.

हे साचे, म्हणजे 'इमेज', शेकडो एमबींचे असतात. मोबाईलच्या इंटरनेटवर चौघांनी चारदा उतरवून घेणे परवडत नाही. एकाने उतरवावे, 'डॉकर सेव्ह'ने पेनड्राईव्हवर घ्यावे, बाकीच्यांनी 'डॉकर लोड' करावे.

साचा आणि कंटेनर यांचे नाते गणपतीचा साचा आणि मूर्ती यांच्यासारखे आहे. मूर्ती विसर्जित केली तरी साचा राहतो, पुन्हा दुसरी काढता येते. परंतु विसर्जनापूर्वी आपण अंगावरचे दागिने काढून घेतो. ओव्यांचा मजकूर हा तसा दागिना. तो कंटेनरात न ठेवता 'व्हॉल्यूम'मध्ये, म्हणजे बाहेरच्या कपाटात ठेवावा. 'डॉकर कंपोझ डाऊन'ने कंटेनर जातात, कपाट राहते. त्याच आज्ञेपुढे 'उणे व्ही' जोडले तर कपाटही जाते, आणि तसे करण्यापूर्वी संगणक एकदाही विचारीत नाही. आमच्या गटात रोज संध्याकाळी मजकुराची एक प्रत निराळ्या पेनड्राईव्हवर काढली जाते, ती याचसाठी.