मुलगी नव्हे, मुलीसारखी
लेखमाला : पडदा आणि पंगत (भाग सातवा)

‘सुजाता’ ही प्रेमकथा म्हणून ओळखली जाते आणि तशी ती आहेही. पण नायक अधीर सुजाताशी लग्न करील की नाही, याची धाकधूक प्रेक्षकाला फारशी लागत नाही. तो गडी तयारच असतो. खरी धाकधूक असते ती सुजाताला वाढवणाऱ्या चारूची. तान्हेपणापासून घरात वाढलेल्या सुजाताची ओळख करून देताना चारू दर वेळी ‘मुलीसारखी’ म्हणते. तो ‘सारखी’ कधी गळून पडणार, यावर बिमल रॉय यांनी अख्खा चित्रपट उभा केला आहे.

साल १९५९. कथा सुबोध घोष यांची, संगीत सचिनदेव बर्मन यांचं. चारूचे पती इंजिनियर उपेन चौधरी यांच्या हाताखालचा एक मजूर कॉलऱ्याच्या साथीत बायकोसकट जातो. मागे उरते तान्ही पोर, आणि पोर ‘अछूत’. नेऊन कुठे ठेवायची याचा निकाल लागेपर्यंत ती चौधरींकडे राहते आणि तो निकाल कधी लागतच नाही. मग एका घरात दोन मुली वाढतात. चौधरींच्या पोटच्या रमाचे वाढदिवस होतात, ती कॉलेजात जाते. सुजाताच्या वाट्याला घरकाम येतं. कुणी तिला मारत नाही, उपाशी ठेवत नाही, टाकून बोलत नाही. म्हणूनच हा चित्रपट बोचतो. छळ दाखवला असता तर प्रेक्षक चारूला शिव्या देऊन मोकळा झाला असता. इथे चारू भली बाई आहे. आपल्या माजघरात शोभावी अशी.

घर बंगाली, कथा बंगाली. पण त्या घरातल्या चार ठळक स्त्रिया रंगवल्या मराठी नट्यांनी. सुजाता झालेली नूतन ही शोभना समर्थ यांची लेक. रमा म्हणजे शशिकला जवळकर, जन्म सोलापूरचा. चारू झाल्या सुलोचनाबाई लाटकर, चिकोडीकडच्या खडकलाटच्या. आणि विटाळाचा धाक घालणाऱ्या बुआजी म्हणजे ललिता पवार. त्यांचा जन्म येवल्याचा. त्याच येवल्यात १३ ऑक्टोबर १९३५ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘हिंदू म्हणून मरणार नाही’ ही घोषणा केली होती. पडद्यावर जात पाळणारी सगळ्यात कडवट म्हातारी त्याच गावची असावी, हा योगायोगच. पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

चित्रपटात एक पंडित येतात. अस्पृश्यांच्या अंगातून विषारी वायू निघतो, असं ते विज्ञानाचा हवाला देऊन सांगतात. उपेनबाबू त्यांची फिरकी घेतात आणि थिएटरात हशा पिकतो. मात्र फिरकी घेणारा हाच नवरा बायकोला ‘पोरीला आपली म्हण’ असं ठणकावून कधी सांगत नाही. घरातल्या पुरुषांनी उदार व्हायचं आणि शिवाशिवीचा जमाखर्च बायकांनी सांभाळायचा, ही वाटणी बिमलदांनी अचूक हेरली आहे.

टेलिफोनवरचं गाणं पाहा. आवाज तलत महमूद यांचा. अधीरच्या भूमिकेतला सुनील दत्त एका टोकाला गातो, दुसऱ्या टोकाला सुजाता रिसीव्हर कानाला धरून उभी असते. गाणं त्याचं, पण कॅमेरा पुन्हा पुन्हा नूतनच्या चेहऱ्याकडे वळतो. ओठ हलत नाहीत, डोळे भरत जातात. आनंद होतोय आणि तो घेण्याचा आपल्याला हक्क नाही, हे दोन्ही त्या चेहऱ्यावर एकाच वेळी दिसतं. या भूमिकेसाठी तिला फिल्मफेअर मिळालं. उत्कृष्ट चित्रपट आणि दिग्दर्शनाचे पुरस्कारही ‘सुजाता’लाच गेले. १९६० साली तो कान महोत्सवाच्या स्पर्धेतही होता.

आता तक्रारीकडे येऊ. चित्रपटात टागोरांची ‘चंडालिका’ रंगमंचावर दिसते. बुद्धाचा शिष्य आनंद चांडाळकन्येच्या हातचं पाणी मागतो, ती ही कथा. जीव द्यायला निघालेल्या सुजाताला गांधीजींचा पुतळा आणि त्यांचे शब्द मागे फिरवतात. बुद्ध आहेत, गांधीजी आहेत, टागोर आहेत. नाहीत ते आंबेडकर. त्यांच्या नागपूरच्या धम्मदीक्षेला तेव्हा जेमतेम तीन वर्षं झाली होती!

मराठवाड्यातून पाहिलं की ही उणीव जास्तच जाणवते. १९५० मध्ये बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत महाविद्यालय काढलं, तेच पुढे ‘मिलिंद’ म्हणून गाजलं. चौधरींच्या घरात सुजाता चहाचा ट्रे उचलत होती, त्या वर्षी मराठवाड्याच्या खेड्यांतली दलित पोरं मिलिंदच्या वर्गात बसत होती. ती कुणाच्या ‘सारखी’ व्हायला गेली नव्हती. सुजाताला मात्र स्वीकार मिळतो तो रक्त दिल्यावर. जिन्यावरून पडलेल्या चारूला सुजाताचंच रक्त जुळतं आणि मग चारूचे डोळे उघडतात. आई म्हणवून घ्यायला चारूला अपघात लागतो आणि मुलगी ठरायला सुजाताला रक्त मोजावं लागतं. कथेची ही सोय आज खटकते. तरीही ‘अछूत कन्या’त १९३६ साली नायिकेला रेल्वेखाली जावं लागलं होतं, इथे ती लग्नाला उभी राहते. तेवीस वर्षांतली ही चाल लहान नाही.

जातीबाहेरच्या लग्नाची गोष्ट लातूर जिल्ह्यातल्या औशाच्या लोकांना मुंबईच्या सिनेमाने शिकवायची गरजही नव्हती. उमरगा ओलांडलं की बसवकल्याण लागतं. बाराव्या शतकात तिथे लिंगायत पंथाच्या शरणांनी हरळय्या या चर्मकाराच्या मुलाचं लग्न मधुवरस या ब्राह्मणाच्या मुलीशी लावलं. परंपरा सांगते की राजा बिज्जळाने दोन्ही व्याह्यांना देहदंड दिला आणि कल्याणात उत्पात झाला. लातूर-बीदर पट्ट्यातल्या लिंगायत घरांत ही कथा आजही सांगितली जाते. त्याच घरांत स्थळं पाहताना पोटजात विचारली जाते, हेही तितकंच खरं.

‘सुजाता’ आला तेव्हा अस्पृश्यता गुन्हा ठरवणारा १९५५ चा कायदा झालेला होता. औसा हैदराबाद राज्यातून द्वैभाषिक मुंबई राज्यात येऊनही तीन वर्षं होत आली होती. कायद्याने विहीर मोकळी झाली होती, पण पोहरा मोकळा झाला नव्हता. म्हणून तर १९७२ च्या दुष्काळात बाबा आढावांना ‘एक गाव एक पाणवठा’ चळवळ उभी करावी लागली. चंडालिकेच्या पाण्याचा प्रश्न रंगमंचावर सुटला होता, गावात नव्हे. १९७८ मध्ये मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव झाला आणि मराठवाड्यात दलित वस्त्या जळाल्या. नांदेड जिल्ह्याने त्याची झळ सर्वांत जास्त सोसली. नामविस्ताराला १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला.

आज आंतरजातीय विवाह करणाऱ्या जोडप्याला राज्यात ५० हजार रुपयांचं अर्थसहाय्य मिळतं. अर्ज जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागाकडे करायचा असतो. अधीर आणि सुजाता त्यात बसले असते. चारूसाठी मात्र अजून कुठली योजना निघालेली नाही.

पुढच्या भागात श्याम बेनेगल यांचा ‘अंकुर’ (१९७४). त्याची कथा घडते तेलंगणात, म्हणजे एकेकाळी औसा ज्या निजामी मुलखात होतं, त्याच मुलखात. तोवर जमल्यास ‘सुजाता’ पुन्हा पाहा, आणि या वेळी लक्ष सुलोचनाबाईंवर ठेवा.