बधिर बोटें आणि चुंबकीय चित्र

बोटांना मुंग्या येऊं लागल्या कीं मनुष्याचें लक्ष प्रथम बोटांकडेच जातें. परंतु तेथवर पोहोंचणारा मज्जातंतु मानेच्या मणक्यांमधून निघतो, काखेजवळच्या तंतूंच्या जाळ्यांतून जातो आणि कोपर व मनगट येथील चिंचोळ्या वाटांनीं बोटांत उतरतो. या वाटेवर तो कोठेंहि चेपला जाऊं शकतो. तक्रार मात्र टोकालाच जाणवते.

चेपण्याची जागा शोधण्याचें एक साधन म्हणजे एम्. आर्. आय्. फेलिक्स ब्लॉख आणि एडवर्ड पर्सेल यांनीं १९४६ सालीं दाखवून दिलेल्या तत्त्वावर तें आधारलेलें आहे. दीड टेस्ला शक्तीच्या यंत्राचें चुंबकत्व पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारें ३०,००० पट असतें. त्यांत शरीरांतील पाण्याचे व चरबीचे हायड्रोजन-अणु सुमारें ६४ मेगाहर्ट्झच्या रेडिओलहरींना प्रतिसाद देतात. एफ्. एम्. केंद्रांच्या लहरी याहून फार दूरच्या नाहींत, ही गोष्ट रेडिओ ऐकणाऱ्यांस गमतीची वाटेल. परत येणाऱ्या क्षीण लहरींवरून संगणक चित्र रचतो. क्ष-किरणांना न दिसणारी मणक्यांमधील गादी, सुजलेला तंतु, तंतूचा पुरवठा तुटलेला स्नायु, हें सर्व त्यांत उमटतें.

आणि येथेंच घोटाळा होतो. मानेची कसलीहि तक्रार नसलेल्या, पन्नाशी उलटलेल्या पुष्कळ माणसांच्या चित्रांतहि गाद्या झिजलेल्या व पुढें आलेल्या आढळतात. अंगठा, तर्जनी आणि मधलें बोट रात्रीं बधिर होऊन झोपमोड होत असेल व हात झटकल्यानें बरें वाटत असेल, तर दोष बहुधा मनगटांत असतो. अशा वेळीं केवळ मानेचें चित्र काढलें व त्यांत गादी दिसली, कीं मानेला पट्टा लागतो. मनगटांतील तंतु चेपलेलाच राहतो आणि अंगठ्याच्या बुडाचा स्नायु हळूहळू सुकूं लागतो. कुशल डॉक्टर आधीं अनामिकेच्या दोन्ही कडांना टांचणी लावून पाहतो. करंगळीकडील अर्धें बोट बधिर आणि उरलेलें जागें असेल, तर संशय कोपराकडे जातो. मानेंतील मुळाच्या दुखण्यांत बोट असें सहसा दुभंगत नाहीं. टांचणीचें हें काम एवढ्या मोठ्या यंत्राला साधत नाहीं. तंतु कसा दिसतो हें चित्र सांगतें. तो काम कितपत करतो हें विजेच्या चाचणीनें कळतें.

मोटारसायकलच्या अपघातांत खांदा आदळून हात लुळा पडला, म्हणजे मात्र चित्राचें मोल फार वाढतें. तंतूचें मूळ मज्जारज्जूपासून उपटलें गेलें आहे, कीं पुढें कोठें नुसतें ताणलें आहे, हें ठरविण्यास तें मोठी मदत करतें. ताणलेला तंतु पुष्कळदां सावरतो. उपटलेलें मूळ आपोआप जुळत नाहीं. दुसरा तंतु वळवून स्नायूला जोडावा लागतो, आणि तोहि पहिल्या कांहीं महिन्यांतच, कारण वर्ष-दीड वर्ष तंतूविना राहिलेला स्नायु पुढें सहसा हालत नाहीं.