पहिली दुर्बीण घेताना

कोयनानगरला पावसाळ्याचे चार महिने आकाश क्वचितच दिसते. दिवाळीच्या सुमारास ढग हटतात आणि हौशी माणसाला दुर्बीण घ्यावीशी वाटते. खोक्यावर ‘४५० पट’ छापलेले असते. फसगत तिथेच होते. दुर्बिणीचे पहिले काम प्रकाश गोळा करणे. तो व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून १५० मिलिमीटरचा आरसा ६० मिलिमीटरच्या भिंगाच्या सव्वासहा पट प्रकाश घेतो. मोठे दाखवण्यालाही मर्यादा आहे: व्यासाच्या मिलिमीटरांच्या साधारण दुप्पट. ६० मिलिमीटरला १२० पट. त्यापुढे शनी मोठा दिसतो, पण पुसट. आणि लटपटत्या तिवईवर तोही ठरत नाही.

माझ्या मते आधी १० बाय ५० ची द्विनेत्री घ्यावी. कृत्तिका, देवयानी दीर्घिका, कोपर टेकवून पाहिले तर गुरूचे चंद्रही तिच्यात दिसतात. हौस टिकली तर सहा इंची आरशाची, लाकडी बैठकीवर फिरणारी ‘डॉब्सन’ दुर्बीण. तत्पूर्वी पुण्याच्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेसारख्या (स्थापना १९४४) संस्थेच्या आकाशदर्शनाला जाऊन तशा दुर्बिणीतून पाहून यावे. आणि इथल्या दमट हवेत भिंगांना बुरशी धरते. पावसाळ्यात ती घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलसह ठेवावीत.